जाड दगडी भिंतींच्या घरात बाळासाठी कॅमेरा : कोणता घ्यावा आणि कसा वापरावा?

माडीवरची (सातारा)

आमचे घर यादोगोपाळ पेठेत आहे. घर जुने आहे. खालच्या मजल्याच्या भिंती काळ्या दगडाच्या आणि दोन फुटांहून जाड, वर लाकडी माडी. मुलगा साडेचार महिन्यांचा झाला असून माझी २६ आठवड्यांची प्रसूती रजा आता संपत आली आहे. महाविद्यालयाने आठवड्यातून दोन दिवस घरून तास घेण्याची मुभा दिली आहे, परंतु घरात इंटरनेट नीट मिळते ते फक्त माडीवर, आणि बाळ दुपारी झोपते ते खाली माजघरात, कारण पाळण्याचे कडे तिथल्याच तुळईला आहे. सासूबाई खाली असतात आणि त्यांचे बाळाकडे पूर्ण लक्ष असते. मात्र त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येते, आणि स्वयंपाकघरात कुकर चढवलेला असला की माजघरातले रडणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. जिना चढून मला हाक मारायला येणे त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही.

म्हणून बाळावर लक्ष ठेवणारा कॅमेरा घ्यावा असे ठरले आहे. यजमान चाकणला नोकरीस असतात व शनिवारी येतात. मोबाइलवर तिथूनही बाळ दिसावे अशी त्यांची इच्छा आहे. बाजारात पाहिले तर दोन-तीन हजारांच्या साध्या वायफाय कॅमेऱ्यापासून पंधरा-वीस हजारांच्या ‘स्मार्ट’ संचापर्यंत सर्व काही मिळते, आणि प्रत्येकाच्या जाहिरातीत बाळ सारखेच हसत असते. काहींबरोबर स्वतंत्र पडदा येतो आणि त्यांना इंटरनेट लागत नाही. आमच्या भिंतींपुढे यांपैकी काय चालेल? परक्या माणसाला आमचे माजघर दिसू लागेल ही भीती कितपत खरी आहे? शिवाय नणंदबाई पुण्याहून बाळाच्या पायात घालायचा, प्राणवायूचे प्रमाण मोजणारा मोजा भेट म्हणून पाठवणार आहेत. त्याविषयीही जाणकारांनी सांगावे.

विश्रामबागकर (सांगली)

ताई, आमची मुलगी आता दोन वर्षांची आहे. तिच्यासाठी घेतलेला वायफाय कॅमेरा आम्ही सव्वा वर्ष वापरला आणि त्याचा उपयोगही झाला. परंतु पहिला पंधरवडा निव्वळ मनस्तापाचा गेला, तो आपल्याला तरी टळावा म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्याच रात्री मच्छरदाणीने घात केला. सांगलीत मच्छरदाणीवाचून बाळाला झोपवणे शक्य नाही, हे आपल्याला सांगायला नकोच. अंधारात हे कॅमेरे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतात आणि परत आलेल्या प्रकाशावर काळे-पांढरे चित्र तयार करतात. जाळी कॅमेऱ्याच्या पुढ्यातच असल्यामुळे तो प्रकाश जाळीच्या दोऱ्यांवरूनच परतला, आणि मोबाइलवर नुसता पांढरा धुरकट पडदा व त्यामागे काहीतरी वळवळल्यासारखे, एवढेच दिसू लागले. कॅमेरा बिघडला आहे असे समजून मी दुकानदाराशी वादही घालून आलो. शेवटी कॅमेऱ्याचा अवरक्त दिवा बंद केला आणि कोपऱ्यात मंद पिवळा दिवा लावला, तेव्हा बाळ दिसले. आपला वापर दिवसाचा आहे, पण जुन्या घरातले माजघर दुपारीही अंधारेच असते, आणि थोड्या अंधारातही कॅमेरा आपोआप रात्रीच्या पद्धतीवर जातो. कॅमेऱ्यासमोर एखादे जळमट लोंबत असेल तर तेही याच कारणाने दिव्यासारखे चमकते.

दुसरा घोळ पाळण्याचा. या यंत्रांची घडण गजांच्या स्थिर खाटेत झोपणारी बाळे गृहीत धरून झालेली असते, त्यामुळे हालचाल म्हणजे बाळ उठले, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. आपल्याकडे बाळ झोपलेलेच असते आणि हलत असतो तो पाळणा. एका दुपारी माझ्या मोबाइलवर चाळीसच्या वर सूचना आल्या. कंटाळून मी सूचनांचा आवाज बंद केला, आणि त्याच दिवशी मुलगी खरोखर रडत असताना मला पत्ता लागला नाही. तेव्हा हालचालीची सूचना पहिल्या दिवशीच बंद करा आणि केवळ आवाजाची सूचना चालू ठेवा. तिची तीव्रताही पंख्याच्या घरघरीने वाजणार नाही, पण बाळाच्या पहिल्या कुरकुरीने वाजेल, अशी दोन-तीन दिवस खटपट करून जुळवावी लागते.

तिसरी गोष्ट मोबाइलचीच आहे. बॅटरी वाचवण्याच्या नादात पुष्कळ मोबाइल मागे चालू असलेले ॲप गुपचूप बंद करतात. पडदा काळा, ॲप बंद, आणि आपण निर्धास्त. त्या ॲपला मोबाइलच्या बॅटरी बचतीतून वगळावे लागते. तसे केल्यानंतरही आमच्याकडे रोज बाळ झोपवण्याआधी पाळण्यापाशी एक टाळी वाजवून ती मोबाइलमधून ऐकू येते का, हे पाहण्याची पद्धत होती. सौभाग्यवती तिला ‘आरतीची टाळी’ म्हणत असे.

तारवाला (सांगली, गावभाग)

रेडिओ, टीव्ही आणि आता वायफाय यांच्या दुरुस्तीत माझी ३१ वर्षे गेली आहेत, म्हणून फक्त भिंतींविषयी आणि चोरट्या नजरांविषयी लिहितो.

दोन फुटी दगडी भिंत कोणत्याही लहरीला सहजी वाट देत नाही. त्यातल्या त्यात २.४ गिगाहर्ट्‌झची लहर ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरीपेक्षा भिंतीतून बरी जाते, आणि स्वस्तातले बहुतेक कॅमेरे २.४ वरच चालतात. यातूनच एक नेहमीची तक्रार उद्भवते : मोबाइल ५ वर जोडलेला असतो, कॅमेऱ्याला ते जाळे दिसतच नाही, आणि जोडणी काही केल्या होत नाही. राउटरमध्ये दोन्हींना वेगवेगळी नावे द्यावीत आणि जोडणी करताना मोबाइल २.४ वर आणावा, म्हणजे दुकानात हेलपाटा होत नाही.

स्वतंत्र पडदा असलेला संचही बहुधा याच २.४ च्या पट्ट्यात चालतो. फरक इतकाच की कॅमेरा आणि पडदा आपसातच बोलतात, इंटरनेट मध्ये येत नाही. खोक्यावर लिहिलेले ‘तीनशे मीटर’ हे मोकळ्या मैदानातले असते. तुमच्या बाबतीत जमेची बाजू अशी की माजघराच्या डोक्यावर माडीची लाकडी तक्तपोशी आहे, आणि लाकूड दगडाइतके आडवे येत नाही. तुमची बैठक माजघराच्या बरोबर वर येत असेल तर हा संच चालण्याचा चांगला संभव आहे. रस्त्याकडच्या सज्जात बसत असाल तर लहरीला तिरपे दगडातून जावे लागेल. परत घेण्याची अट आधी कबूल करून घ्या आणि घरी आणून दोन दिवस तपासा. पडदा हातात घेऊन घरभर फिरावे, सिग्नल तुटला की हे संच स्वतःच टीं-टीं करून सांगतात. मोबाइल तसे सांगेलच असे नाही, आणि हा गुण जाहिरातीत कोणी मोठ्या अक्षरांत छापत नसले तरी माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे.

वायफायच हवा असेल तर मात्र मधल्या भिंतीशी झुंजू नका. माडीवरच्या राउटरपासून जिन्याच्या कडेने नेटवर्कची तार खाली उतरवा आणि माजघरात दुसरा छोटा राउटर बसवा. लहरी वाढवून देतो म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्या दगडी घरात फारशा कामाला येत नाहीत, कारण त्यांनाही लहर त्याच भिंतीतून घ्यावी लागते.

तारेवरून आठवले म्हणून थोडे विषयांतर करतो. बाळाचे रडणे दुसऱ्या खोलीत ऐकवणारे पहिले नावाजलेले यंत्र अमेरिकेत झेनिथ कंपनीने १९३७ साली काढले. त्याचे नाव ‘रेडिओ नर्स’, आणि त्याचे कवच इसामू नोगुची या शिल्पकाराने घडवलेले होते. प्रसिद्ध अमेरिकन वैमानिक लिंडबर्ग यांच्या बाळाचे १९३२ मध्ये अपहरण झाल्यावर धास्तावलेल्या पालकांसाठी ते निघाले होते. त्यात चित्र मुळीच नव्हते आणि आवाज घरातल्या विजेच्या तारांवरून जात असे. चित्र आल्यापासून माणसे पडद्याकडे बघत बसतात. पण बघता बघता नजर हटते, कान हटत नाही. म्हणून कॅमेरा घेतानाही आधी त्याचा आवाज ऐकून पाहावा, चित्र किती बारीक दिसते ते मागाहून पाहावे.

आता चोरट्या नजरांविषयी. भीती खरी आहे, परंतु बहुतेक वेळा दार आपणच उघडे टाकलेले असते. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून येणारे साठेक ठरीव पासवर्ड एकामागून एक लावून पाहत. ब्रिटनने असे ठरीव सोपे पासवर्ड २९ एप्रिल २०२४ पासून कायद्यानेच बंद केले, आणि आपल्याकडेही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी त्याच वर्षी अधिसूचित झाल्या. घरातले काम थोडके आहे : कॅमेऱ्याच्या खात्याला इतर कुठेही न वापरलेला लांब पासवर्ड द्यावा, मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक अंकाची दुसरी पायरी चालू करावी, कंपनीकडून येणारी सुधारणा टाळू नये, आणि बाहेरून पाहता यावे म्हणून कोणी राउटरमध्ये ‘पोर्ट उघडून देतो’ (म्हणजे बाहेरून थेट आत येण्याची वाट करून देतो) म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. यजमानांना आपला पासवर्ड सांगू नका. ॲपमधून त्यांच्या नावाने फक्त पाहण्यापुरती वेगळी परवानगी द्या. उद्या त्यांचा मोबाइल हरवला तर तेवढी एक परवानगी काढून टाकता येते.

वीज गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद की वायफाय कॅमेरा आंधळा. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर त्यावर असल्याची खात्री करा. नसेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचे छोटे बॅटरीचे यंत्र मिळते, मात्र ते घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्यावेत. कॅमेऱ्याचे चित्रण सतत बाहेर साठवण्याच्या फंदात तर पडूच नये. सेकंदाला एक मेगाबिट इतका साधा प्रवाह धरला तरी दिवसाकाठी सुमारे १०.८ गिगाबाइट होतात, आणि दर महिन्याचे शुल्क निराळेच.

मिरजेची परिचारिका

मी नवजात बालकांच्या विभागात काम करते. वरच्या सर्व सूचना योग्य आहेत, परंतु कॅमेऱ्याची वायर कुठून जाणार, हे कोणीच विचारले नाही.

वायर पाळण्यापासून किमान तीन फूट दूर असली पाहिजे, आणि पाळणा झुलतो तेव्हा तो ज्या टोकापर्यंत जातो तिथून हे अंतर मोजायचे आहे. पाळण्याच्या दोरीला किंवा कडीला कॅमेरा बांधून वायर खाली सोडलेली मी एका घरी स्वतः पाहिली आहे. आपले बाळ साडेचार महिन्यांचे आहे. आणखी काही आठवड्यांत ते हाताला येईल ते ओढू लागेल, आणि गळ्याभोवती गुंडाळलेल्या वायरीचा आवाज कोणत्याही कॅमेऱ्याला ऐकू येत नाही. कॅमेरा भिंतीवर उंच बसवावा आणि वायर पट्टीत घालून भिंतीलगत न्यावी.

प्राणवायू मोजणाऱ्या मोजाविषयी स्पष्टच लिहिते. निरोगी बाळाला त्याची गरज नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असा मोजा विकणाऱ्या तिथल्या एका कंपनीला ऑक्टोबर २०२१ मध्ये इशारापत्र पाठवले होते, कारण ते वैद्यकीय उपकरण असूनही आवश्यक परवानगीविना विकले जात होते. पुढे परवानगी घेतलेली उपकरणे आली. तथापि अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ च्या मार्गदर्शनातही हेच म्हटले आहे की झोपेत होणारे आकस्मिक मृत्यू टाळण्याचा उपाय म्हणून घरगुती यंत्रांवर विसंबू नये. मोजा सैल झाला, बाळाने पाय झाडला किंवा पाऊल गार पडले, तरी आकडा घसरतो आणि घरातली माणसे मध्यरात्री बाळ घेऊन दवाखान्यात धावतात. अशा रात्री मी पुष्कळ पाहिल्या आहेत. याहून वाईट म्हणजे आकडा चांगला दिसतो म्हणून बाळ कसे झोपवले आहे, इकडे दुर्लक्ष होते. अपुऱ्या दिवसांच्या किंवा हृदयाचा दोष असलेल्या बाळासाठी डॉक्टरांनी यंत्र सांगितले असेल तर गोष्ट वेगळी. ते यंत्रही डॉक्टरच ठरवतील.

कॅमेऱ्यात काय बघायचे, हे विचारलेत तर सांगेन : बाळ पाठीवर आहे ना, तोंड-नाक उघडे आहे ना, हनुवटी छातीला टेकलेली नाही ना. झोळीत बाळाची पाठ वाकते आणि मान पुढे येते, शिवाय बाजूने कॅमेऱ्याला कापडाखेरीज काही दिसत नाही. म्हणून कोणी जवळ नसताना झोळीपेक्षा सपाट, घट्ट गादी बरी. लाकडी पाळणा असेल तर त्याचा तळ सपाट असावा आणि एकट्या झोपलेल्या बाळाला झोका देऊन जाऊ नये. डोके गोल व्हावे म्हणून आपल्याकडे मोहरीची उशी देतात, दुपारी कुंची बांधतात, वर दुपटे पांघरतात. आजीची माया मी जाणते, पण झोपेत उशी, कुंची आणि सैल पांघरूण ही तिन्ही काढून ठेवावीत. बाळ कुशीवर वळायला लागले की पाळण्याचा काळही संपत आला असे समजावे.

शाहूपुरीची आजी

मी नातू सांभाळते, म्हणजे कॅमेऱ्याच्या समोरची बाजू माझी आहे, आणि या चर्चेत ती अजून कोणी मांडलेली नाही.

मुलाने पुण्याहून येऊन कॅमेरा बसवला तेव्हा मला विचारले नाही, फक्त सांगितले. पहिल्या आठवड्यात मी दूध कोमट करायला स्वयंपाकघरात जावे, की लगेच फोन : “आई, तो रडतोय.” मला ऐकू येत होते. चौथ्या दिवशी कॅमेऱ्यातूनच त्याचा आवाज आला, “आई, त्याची टोपी सरकली आहे.” नातू दचकून रडायला लागला आणि बराच वेळ दिव्याकडे तोंड करून बाबाला शोधत राहिला. त्या संध्याकाळी मी मुलाला शांतपणे सांगितले की एक तर तू येऊन सांभाळ, नाही तर मला सांभाळू दे.

पुढे आम्ही नियम केला, तो आजतागायत चालू आहे. बाळाजवळ जो असेल त्याचा कान पहिला. लांबून बघणाऱ्याने पाच मिनिटांपर्यंत फोन करायचा नाही, आणि कॅमेऱ्यातून बोलायचे तर कधीच नाही. कॅमेऱ्याचे तोंड फक्त पाळण्याकडे असते. माझे बसणे, उठणे, जेवणे, पोथी वाचणे त्यात येत नाही. सून त्याच खोलीत अंगावर पाजते, आणि सकाळी बाळाला न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाई येतात. त्यांनाही मी पहिल्याच दिवशी कॅमेरा दाखवून विचारले. ‘आमचं चित्र नको, वैनी,’ असे त्या म्हणाल्या. बरोबरच आहे, पदर खोचून काम करणारी बाई ती. तेव्हापासून बाळाचे एक लहान झालेले टोपडे आम्ही कॅमेऱ्यावर घालतो. बाळ झोपले की टोपडे काढायचे, उठले की घालायचे. ॲपमध्ये बंद-चालू करण्याची सोय आहे म्हणतात. पण टोपडे घातलेले मला डोळ्यांनी दिसते.

आपल्या सासूबाईंना कॅमेरा घेण्याआधी विचारा. कानाने कमी ऐकू येते असे लिहिले आहेत, तर स्वतंत्र पडदा खरे तर त्यांनाच स्वयंपाकघरात हवा आहे, माडीवर आपल्याला नंतर. बऱ्याच संचांच्या पडद्यावर आवाजाबरोबर दिवेही लागतात. मैत्रिणीकडे मी पाहिले आहे, हिरव्याचा तांबडा होतो.

कोरेगावचा मामा

वापरलेला कॅमेरा स्वस्तात मिळाला तर बाळाला वापरू नये असे माझे मत आहे. आधीच्या मालकाचे खाते त्यावर राहिलेले असू शकते. घेतलाच, तर बारीक छिद्रात टाचणी घालून तो मूळ स्थितीला आणावा, आणि आपण विकतानाही आतले कार्ड काढून तसेच करावे.

माडीवरची (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण तेवढे दिवस कॅमेऱ्याच्याच खटपटीत गेले.

आजी, आपण लिहिलेत ते वाचून मी सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “मला विचारतेस हेच पुष्कळ झालं,” आणि मग बराच वेळ बोलत राहिल्या. कुकरच्या शिट्टीत रडणे ऐकू येत नाही याची त्यांनाच माझ्याहून अधिक धास्ती होती, पण बोलून दाखवली तर मी नोकरी सोडेन असे त्यांना वाटत होते. मला याची कल्पनाही नव्हती.

आम्ही स्वतंत्र पडद्याचा, इंटरनेट न लागणारा संच घेतला. तारवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे पडदा घेऊन घरभर फिरलो : माजघराच्या वर तो स्वच्छ चालतो, सज्जात टीं-टीं करतो, आणि स्वयंपाकघरात दार उघडे असेल तरच चालतो. त्यामुळे माझे टेबल सज्जातून हलले आणि स्वयंपाकघराच्या दाराला अडणी लागली. मी घरी नसते ते चार दिवस पडदा सासूबाईंच्या ओट्यावर, डब्यांच्या फळीला टेकवलेला असतो. तास असतात त्या दोन दिवशी तो माझ्याजवळ असतो आणि त्या स्वतः माजघरात बसतात. दुसरा पडदा जोडता येतो असे कळले आहे. पुढच्या पगाराला पाहू.

कॅमेरा देवळीत ठेवला आहे. देवळी पाळण्यापासून हाताने मोजली तर साडेपाच फूट भरते, आणि वायर मागच्या खुंटीवरून भिंतीलगत गेली आहे. मोहरीची उशी सासूबाईंनी स्वतःच उचलून कपाटात ठेवली, कुंचीबाबत मात्र अजून वाटाघाटी चालू आहेत. मोजा नणंदबाईंना परत करायला लावला. त्या थोड्या रुसल्या, म्हणून त्यांच्याकडून त्याऐवजी सपाट, घट्ट गादी मागून घेतली.

यजमानांचा प्रश्न राहिला. चाकणहून बाळ दिसणार नाही म्हणून ते दोन दिवस नाराज होते. आता रोज रात्री साडेआठला सासूबाई मोबाइलवर त्यांना चित्रफोन लावतात आणि बाळ मांडीवर घेऊन बसतात. परवा बाळाने मोबाइलच तोंडात घातला आणि यजमानांना पाच मिनिटे फक्त टाळू दिसत राहिली, तरी त्यांनी फोन ठेवला नाही.